वर्गात माणुसकी रुजवताना: जूनपासून एप्रिलपर्यंत शिक्षकांना पडणारे प्रश्न

मुलांना दुसऱ्याचं मन ओळखायला आणि माणुसकीने वागायला कसं शिकवायचं, याबद्दल पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या मराठी शाळांची आहेत. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सुरुवातीचे प्रश्न रोजच्या कामाचे आहेत, अवघड प्रसंग नंतर येतात.

१. अभ्यासक्रमच पुरा होत नाही. यासाठी वेगळा वेळ आणायचा कुठून?

रोज दहा मिनिटं आणि आठवड्यातून एक तासिका, एवढं पुरतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास भरायला हवेत, सहावी ते आठवीचे २२० दिवस आणि १००० तास. रोजची दहा मिनिटं धरली तर २०० दिवसांत साधारण ३३ तास होतात, म्हणजे एकूण वेळेच्या जेमतेम चार टक्के. पाच मिनिटं परिपाठातून घ्या. उरलेली पाच मधल्या सुट्टीनंतर घ्या, कारण तो वेळ तसाही "गप्प बसा" म्हणण्यात जातो. आठवड्याची तासिका भाषेची किंवा कार्यानुभवाची वापरता येते.

हमखास फसणारी पद्धत म्हणजे 'सद्भावना सप्ताह'. सात दिवस घोषणा, फलक, प्रभातफेरी. आठव्या दिवशी सगळं पूर्ववत.

२. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं काय करू?

तीन गोष्टी लावून घ्या: नावं, जागा आणि वर्गातली कामं. (विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, तिथे हे काम जुलैत जाईल.)

हजेरीपटावरचं नाव आणि मुलाला आवडणारं नाव एकच असेल असं नाही. प्रत्येकाला एकट्याने विचारा, "तुला काय म्हणून हाक मारू?" आणि तेच नाव वापरा. आडनावाने हाक मारायची सवय असेल तर ती सोडलेली बरी. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते आणि मुलं हे फार लवकर शिकतात.

बाकांची जागा दर सोमवारी एक रांग पुढे सरकवा. ज्याला दिसायला किंवा ऐकायला अडचण आहे त्याला पुढेच ठेवा, त्याचा शेजारी मात्र बदलत राहू दे. "हुशार पुढे, ढ मागे" अशी रचना कायम असेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, कारण कोणाची किंमत किती हे मुलांनी पहिल्याच दिवशी वाचलेलं असतं.

फळा पुसणं, पाण्याचा माठ भरणं, चपलांची रांग, पुस्तकपेटी, झाडांना पाणी, केर काढणं अशा आठ-दहा कामांची यादी करून भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला नावं फिरवा. महिन्याभराने यादी तपासा. झाडू फक्त मुलींच्या हाती जातोय का? किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच?

३. पहिलीतल्या मुलाला दुसऱ्याचं मन कळतं का? की हे लवकर होतंय?

दोन वर्षांचं मूलसुद्धा रडणाऱ्या भावंडाला आपलं खेळणं नेऊन देतं. मात्र स्वतःला जे आवडतं तेच ते देतं. "मला माहीत आहे ते त्याला माहीत नसेल" ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येते. म्हणून पहिली-दुसरीत समोर घडणाऱ्या गोष्टीवरच बोला: "तिच्या चेहऱ्याकडे बघ. काय झालं असेल?" तिसरी-चौथीत गोष्टीतल्या दोन पात्रांना एकाच प्रसंगात काय वेगवेगळं वाटलं, हे विचारता येतं. कधीच न भेटलेल्या माणसाचा विचार सहावीच्या पुढे जमू लागतो.

"तू त्याच्या जागी असतास तर?" हा प्रश्न लहान वर्गात उलटतो. मूल प्रामाणिकपणे सांगतं, "मी पण मारलं असतं."

४. परिपाठात रोज बोधकथा आणि सुविचार होतात. तेवढं पुरत नाही का?

नाही. "या कथेतून काय बोध मिळाला?" याचं उत्तर मुलांना कथा ऐकण्याआधीच पाठ असतं. गोष्ट तीच ठेवा, पण पात्राला निर्णय घ्यायचा असेल तिथे थांबा आणि तीन प्रश्न विचारा:

- आत्ता त्याला काय वाटत असेल, आणि कशावरून?
- तिथल्याच दुसऱ्या कोणाला वेगळं वाटत असेल का?
- तो आता काय काय करू शकतो?

यातला "कशावरून" सगळ्यांत कामाचा, कारण त्यामुळे मुलं अंदाज सोडून खुणा शोधू लागतात. आठवड्यातून तीनदा पुरे. फळ्यावर सुविचाराऐवजी अधूनमधून आदल्या दिवशी घडलेली खरी गोष्ट लिहा: "काल पावसात पाचवीच्या मुलांनी पहिलीची दप्तरं आत नेली." नावं लिहू नका. ते का, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

५. मुलं फक्त "चांगलं वाटलं" किंवा "वाईट वाटलं" एवढंच म्हणतात. पुढे कसं न्यायचं?

त्यांना शब्द द्या, आणि मराठीत त्यांची ददात नाही: हिरमुसणं, रुसणं, खट्टू होणं, बुजणं, ओशाळणं, चडफडणं, धास्तावणं, भांबावणं, हुरळणं, कानकोंडं होणं, चुटपुट लागणं, मन खाणं. दर आठवड्याला दोनच घ्या आणि ते एकमेकांच्या जवळचे पण वेगळे असू द्या. उदाहरणार्थ रुसणं आणि हिरमुसणं. रुसलेल्याला कोणीतरी येऊन समजूत काढावी असं वाटत असतं. हिरमुसलेल्याची काहीतरी आशा मोडलेली असते, त्याची समजूत काढायला गेलं तर तो अजून गप्प होतो. हा फरक कळला की जवळ कसं जायचं तेही कळतं.

सोमवारी दोन शब्द पट्टीवर लिहून भिंतीला लावा. मंगळवारी प्रत्येक शब्दासाठी गोष्टीतलं किंवा पाठातलं पात्र शोधा. गुरुवारी ज्यांना सांगायचं असेल त्यांनी स्वतःचा प्रसंग सांगायचा. घरच्या बोलीतला शब्द आला तर तोही त्याच पट्टीवर लिहा. एप्रिलपर्यंत साठ-सत्तर शब्द भिंतीवर जमतात.

बाजारात मिळणारा पिवळ्या गोल चेहऱ्यांचा तक्ता टांगला तर मुलं दोन आठवडे बोट ठेवतात आणि मग सगळेच हसऱ्या चेहऱ्यावर ठेवतात. आणि कोणालाही सगळ्यांसमोर "आज तुला काय वाटतंय?" याचं उत्तर द्यायला लावू नका. "पुढे" म्हणून पाळी सोडायची मुभा असलीच पाहिजे.

६. एकमेकांचं ऐकूनच घेत नाहीत. ऐकणं शिकवता येतं का?

येतं, पण "लक्ष देऊन ऐका" म्हणून येत नाही. जोड्या करा, समोरासमोर बसवा. पहिल्याने एक मिनिट बोलायचं, दुसऱ्याने मध्ये एक शब्दही काढायचा नाही. मग दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात "तू म्हणालास की..." असं सांगायचं. पहिल्याने "बरोबर" किंवा "हे राहिलं" म्हणायचं. मग पाळी बदलायची. सगळं मिळून चार मिनिटांत होतं. पहिली-दुसरीत बोलायला अर्धंच मिनिट द्या.

विषय हलके घ्या: शाळेत येताना काय दिसलं, घरी कोणतं काम आवडत नाही. भीती, लाज असे विषय दिवाळीनंतर, एकमेकांची सवय झाल्यावर. दोन चुका नेहमी होतात. ऐकणारा सल्ला देऊ लागतो, किंवा "माझं पण असंच झालं" म्हणून स्वतःचं सुरू करतो. दोन्ही वेळी थांबवून फक्त "त्याचं सांग" एवढंच म्हणा.

७. गटकार्यात दोघं काम करतात आणि बाकीचे बघत बसतात. त्यातून सहकार्य कसं शिकणार?

काम वाटून न देता माहिती वाटून द्या. ही तुकडेजोड पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात बसवली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि हात वर करण्याच्या चढाओढीमुळे तणाव आणखी वाढत होता.

तीस मुलांचा वर्ग आणि 'आपल्या तालुक्यातलं पाणी' हा पाठ धरा. माहितीचे पाच तुकडे करा: विहीर, कूपनलिका, तलाव, धरण, पाणी वाचवण्याच्या जुन्या रीती. पाच-पाच मुलांचे सहा मूळ गट करा आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळा तुकडा द्या. आता सगळे 'विहीर'वाले एकत्र बसून (हा त्यांचा तज्ज्ञ गट) तो तुकडा वाचतात आणि समजावून कसा सांगायचा ते ठरवतात, तसेच बाकीचे. वीस मिनिटांनी प्रत्येकजण मूळ गटात परत जाऊन आपला तुकडा शिकवतो. शेवटची चाचणी पूर्ण पाठावर आणि प्रत्येकाची स्वतंत्र. दोन तासिका लागतात.

कच्चं वाचणाऱ्या मुलाचा तुकडा लहान ठेवा. तज्ज्ञ गटात त्याची तयारी होतेच, म्हणून ती पायरी घाईत उरकू नका. कोणी गैरहजर असेल तर त्याचा तुकडा दोघांत वाटा. मूल अडखळलं की शिक्षकाला मध्ये बोलावंसं वाटतं. तेव्हा गप्प राहा. गटाला त्या मुलाची खरंच गरज आहे, हे त्याच क्षणी गटाला कळत असतं.

८. चांगलं वागणाऱ्याला स्टार, चॉकलेट किंवा 'महिन्याचा गुणी विद्यार्थी' असा मान द्यावा का?

आमचं स्पष्ट मत: देऊ नये. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या वार्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात वीस महिन्यांच्या बाळांनी मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून दिली. ज्यांना त्याबद्दल बक्षीस मिळत गेलं ती बाळं बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली.

वर्गात याचं रूप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बाई बघत असल्या की पेन्सिल दिली जाते. स्टारऐवजी परिणाम सांगा, तोही हळू आवाजात: "तू वही दिलीस म्हणून तिचा राहिलेला अभ्यास पूर्ण झाला." एवढंच. "शाब्बास, किती गुणी आहेस" हेसुद्धा जास्त होतं.

९. भांडण झालं की मी "सॉरी म्हण" सांगते. मुलं म्हणतात आणि पुन्हा तेच करतात.

कारण ते सुटकेचं तिकीट झालंय. दोघंही शांत झाल्यावर, साधारण दहा मिनिटांनी, बाजूला घेऊन विचारा: काय झालं? त्यामुळे कोणाला काय झालं? आता काय केलं तर ठीक होईल? आधी ज्याला लागलं त्याला बोलू द्या. "का केलंस?" विचारू नका, त्यावर फक्त सबबी मिळतात. भरपाई कृतीची असावी: फाटलेलं पान लिहून देणं, सांडलेलं पुसणं, उद्या खेळात घेणं. माफी आपणहून आली तर उत्तम. दुखावलेल्या मुलावर मात्र "आता हात मिळव" अशी सक्ती कधीही नको.

दोघांची ताकद सारखी नसेल, म्हणजे एकजण दुसऱ्याला सतत छळत असेल, तर त्यांना समोरासमोर बसवू नका. ते वेगळं प्रकरण आहे, प्रश्न १० आणि ११ पाहा.

१०. टोपणनावांनी चिडवणं आणि छळणं यात फरक कसा करायचा? मुलं म्हणतात, "गंमत करत होतो."

तीन गोष्टी बघा. चिडवणं दोन्ही बाजूंनी चालतं का? ज्याला चिडवलं तो खरंच हसतोय का? आणि थांब म्हटल्यावर थांबतात का? एका जरी प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ती गंमत नव्हे.

रंग, उंची, वजन, चष्मा, तोतरेपणा, जात, वडिलांचा धंदा यांवरून पडलेली नावं वर्गात पूर्ण बंद, तीही पहिल्या आठवड्यापासून. त्याआधी स्वतःची जीभ तपासा. "ए लंबू, फळा पूस" असं सरच म्हणत असतील तर वर्गाला परवाना मिळालेला असतो. जातीवरून हिणवलं गेलं तर ते मुलांचं भांडण म्हणून मिटवू नका. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि दोन्ही घरच्यांशी वेगवेगळं बोला.

११. छळणाऱ्याला शिक्षा केली, पण थांबत नाही. आता?

बघणाऱ्यांकडे वळा. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या मार्गदर्शनाखाली 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९पासून तो तिथल्या शाळांत देशभर गेला. त्याचा पाया साधा आहे: छळणाऱ्याला प्रेक्षक लागतात. काही साथ देतात, काही हसतात, बरेचसे गप्प उभे राहतात. गप्प राहणाऱ्यांतल्या अनेकांना ते आवडत नसतं, पण बाकीच्यांना आवडतंय असा प्रत्येकाचा समज असतो.

मुलांना चार सोप्या हालचाली शिकवा आणि नाटुकलीत सरावाला घ्या: हसायचं नाही, निघून जायचं, ज्याला त्रास झाला त्याला "चल, आमच्यात ये" म्हणायचं, मोठ्यांना सांगायचं. मध्ये पडून दादागिरी करणाऱ्याशी भिडणं यात नाही. ते धोक्याचं आहे आणि ती अपेक्षा मुलांकडून करू नये.

"सांगणं म्हणजे चुगली" हा समज आड येतो. मुलांना फरक असा सांगता येतो: कोणाला अडकवायला सांगितलं तर चुगली, कोणाला सोडवायला सांगितलं तर मदत. शाळेची तक्रारपेटी असेल तर ती आठवड्यातून एकदा खरंच उघडली जाते हे मुलांना दिसू द्या.

१२. वाडी-तांड्यावरची मुलं "पानी", "कोन" म्हणाली की वर्ग हसतो. शुद्ध बोलायला लावू का?

हसणं थांबवायचं की बोली सुधारायची, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम करायला गेलात तर वर्गाला कळतं की बाईंनाही ते हसण्यासारखंच वाटतं. बोलण्यात जे आलं ते चालू द्या. लेखनात प्रमाण रूप शिकवा, पण चूक म्हणून नको, "पुस्तकात असं लिहितात" असं सांगून. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, पावरी, कोरकू, गोंडी, जी भाषा वर्गात असेल तिच्यातले दहा शब्द दर महिन्याला सगळ्या वर्गाने शिकायचे आणि शिकवणार ते मूल. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांची जीभ अडखळली की हसू आपोआप दुसऱ्या बाजूला सरकतं. तेव्हाही त्याला थोडी लगाम लावावी लागते.

१३. दिवाळीच्या आगेमागे काही मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचं काय?

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांचा हा दरवर्षीचा प्रश्न. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर मूल मागे राहू शकतं, त्यामुळे सप्टेंबरमध्येच पालकांशी बोलून ठेवा.

जाणाऱ्या मुलाचं नाव कामांच्या यादीतून आणि बाकाच्या फेऱ्यातून पुसू नका, "बाहेरगावी" असं लिहून ठेवा. वर्गाने महिन्यातून एक पत्र किंवा पालकांच्या फोनवर आवाजी निरोप पाठवावा. परतल्यावर पहिल्या दिवशी "काय काय राहिलं" याची यादी वाचू नका. जोडीदार आधीच ठरवून ठेवा, त्याच्याकडे वह्या तयार असू द्या. मुलाला सांगायचं असेल तर कोपीवरचं (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतलं) आयुष्य, कारखाना, बैलगाडी यांवर ते बोलू शकतं. नसेल सांगायचं तर आग्रह नको. "बिचारे" हा सूर सगळ्यांत आधी टाळा. ज्या मुलाने पाच महिने धाकट्या भावंडाला सांभाळलं त्याला कीव नको असते. कारखान्याच्या परिसरातल्या शाळांनाही हेच लागू आहे, फक्त उलट बाजूने: तिथे हे मूल मध्येच आलेलं नवं मूल असतं.

१४. दिव्यांग मुलाचं दुःख कळावं म्हणून बाकीच्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावू का?

नको. पाच मिनिटं पट्टी बांधल्यावर कळतं ते नुकतंच दिसेनासं होण्याचं घाबरणं. अंध व्यक्तीने वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य त्यातून कळत नाही. असे प्रयोग केल्यावर लोक अंध व्यक्तींना अधिक असमर्थ समजू लागतात, असं संशोधनात आढळलं आहे. त्याऐवजी वर्गाने अडथळ्यांची पाहणी करावी: उताराचा रस्ता (रॅम्प) आहे का, नळ किती उंच आहे, फळा शेवटच्या बाकावरून वाचता येतो का, कबड्डीत कोणता नियम बदलला तर सगळे खेळतील? जे बदलता येईल ते बदला. मदत करण्याआधी "मदत हवी का, कशी करू?" विचारायची सवय लावा, न विचारता चाकाची खुर्ची ढकलू नये.

तसाच आणखी एक प्रयोग शिक्षकांना मोहात पाडतो. १९६८मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवून वागवलं. त्याची चर्चा अजून होते. पण मुलांना फसवून, अपमान करून शिकवण्याची किंमत ज्या मुलांचा घराबाहेर आधीच अपमान होतो त्यांनाच जास्त पडते. आपल्या वर्गांत तर नकोच.

१५. पोषण आहाराच्या वेळी कोण कोणाशेजारी बसतं, यात लक्ष घालावं का?

घालावं, पण भाषण न करता. रांग हजेरी क्रमाने लावली तर पुढचा सोमवार शेवटापासून सुरू करा. बसायची जागा चिठ्ठीने ठरवा, आठवड्यातून दोनदा पुरे. वाढणारे हात फिरते ठेवा. कोणी अंडं खातं, कोणी केळं घेतं, त्यावर टिप्पणी करायची नाही हा सरळ नियम. डबा आणणाऱ्यांच्या शाळेत "डबा वाटून खा" अशी सक्ती करू नका. ज्याच्या डब्यात रोज चटणी-भाकरीच असते त्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. शिक्षकाने मुलांमध्ये बसून तेच जेवलेलं सगळ्यांत परिणामकारक.

१६. वर्गातल्या मुलाचे वडील वारले. ते मूल परत येईल तेव्हा काय करू?

मूल येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाला सांगा, दोनच वाक्यांत. मुलांचे प्रश्न तेव्हाच घ्या. काय विचारायचं नाही तेही ठरवा: कसे वारले, तू रडलास का, आता पैसे कोण देणार. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर कारणाची चर्चा वर्गात होऊ देऊ नका. "तू आलास, बरं वाटलं" एवढं म्हणायला शिकवा आणि खेळायला बोलवायला सांगा. मूल हसलं, खेळलं तरी ते साहजिक आहे, त्यावरून कोणी काही बोलू नये.

जागा तीच ठेवा. वर्गाबाहेर जायची एक खूण ठरवा. 'माझे बाबा' या निबंधाऐवजी वर्षभरासाठीच 'माझ्या घरातलं आवडतं माणूस' असा विषय ठेवा, म्हणजे कोणालाच वेगळं काढावं लागत नाही. वर्षश्राद्धाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा.

१७. ऐकण्याच्या खेळात एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा वाईट स्पर्शाबद्दल सांगितलं तर?

खेळ हळूच थांबवून मुलाशी एकट्याने बोला, पण नजरेच्या टप्प्यात दुसरं कोणी मोठं असू द्या. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, मला आता मदत मागावी लागेल" असं म्हणा. खोदून विचारू नका, मुलाचेच शब्द त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हे "आधी घरच्यांना विचारून बघू" यात अडकू देऊ नका. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८.

१८. एक मुलगी सगळ्यांना मदत करते आणि सगळे तिचा फायदा घेतात. तिला काय सांगू?

हा प्रश्न कमी वेळा येतो, पण फार महत्त्वाचा आहे. माणुसकीचे धडे बहुतेक वेळा आधीच गरीब स्वभाव असलेल्या मुलांच्या अंगावर पडतात, त्यातही मुलींच्या. तिला तीन वाक्यं पाठ द्या: "आत्ता नाही", "तू आधी करून बघ, मग मी बघते", "मला हे आवडलं नाही". नाटुकलीत तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आणि तिच्याकडून घेणाऱ्यांना परतफेडीचं काम द्या. दंगेखोर मुलाशेजारी "ती सांभाळून घेईल" म्हणून तिला बसवलं असेल तर आजच जागा बदला. मुलाला शिस्त लावणं तिचं काम नाही.

१९. सातवी-आठवीची मुलं या सगळ्याला हसतात.

त्यांना 'भावना' या नावाखाली काही देऊ नका, जबाबदारी द्या. पहिलीच्या मुलांना वाचून दाखवणं, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, तीच जोडी वर्षभर. वादाचा विषय द्या आणि ज्या बाजूचं पटत नाही तीच बाजू मांडायला लावा. मोबाइलवरच्या गटात कोणाचा फोटो फिरला, कोणाला गटातून काढलं, हे खरं रणांगण. तिथे एकच तपासणी शिकवा: हे वाक्य तिच्या समोर, तिच्या आईसमोर म्हणशील का?

२०. साठ मुलांचा वर्ग आहे. किंवा उलट, दोन शिक्षकी शाळा आणि चार इयत्ता.

मोठ्या वर्गात जोडीची कामं करा, वर्तुळात बसवून एकेकाचं ऐकत बसू नका. साठ जणांची एक फेरी पूर्ण तास खाते. बहुवर्ग शाळेत तुमची बाजू जमेची आहे. मोठ्याने लहानाला शिकवणं तिथे रोज घडतंच, फक्त जोड्या दर महिन्याला बदला.

२१. याची नोंद कशी ठेवायची? गुण द्यायचे का?

गुण नकोत. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत "प्रेमळ आहे", "सहकार्य करतो" अशी छापील वाक्यं उतरवण्यापेक्षा पाहिलेली कृती लिहा: "नवीन मुलाला खेळाचे नियम समजावले, १२ ऑगस्ट." दर आठवड्याला पाच मुलं ठरवून बघितलीत तर सहा आठवड्यांत तीस मुलं होतात.

सप्टेंबर आणि फेब्रुवारीत प्रत्येकाकडून चिठ्ठीवर "कोणाशेजारी बसायला आवडेल?" याची तीन नावं घ्या. कागदावर बाण काढले की एकही बाण न आलेली मुलं दिसतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा. "कोण आवडत नाही?" हे कधीही विचारू नका आणि चिठ्ठ्या घरी नेऊन फाडून टाका.

२२. पालक म्हणतात, "पोरगं मऊ पडेल. आम्ही सांगतो, मार खाऊन येऊ नकोस, देऊन ये."

वाद घालू नका. त्यांची भीती खरी आहे. सभेत मुलांकडून प्रश्न १८ मधली वाक्यं म्हणवून दाखवा, पालकांचा विरोध तिथेच निम्मा होतो.

२३. मीच चिडून एखाद्याला टाकून बोललो तर?

ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच दुरुस्त करा, त्याच दिवशी, तीन वाक्यांत: मी काय बोललो, ते चूक होतं, यापुढे काय करीन. "पण तूही..." हे शेपूट जोडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, त्यामुळे हा केवळ स्वभावाचा प्रश्न राहत नाही.

२४. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं विसरलेले असतात. आणि वर्षअखेर काय करायचं?

विसरणारच. दुसऱ्या सत्राचा पहिला आठवडा जूनसारखाच घालवा (प्रश्न २), या वेळी कामांची यादी मुलांना करू द्या. ३ डिसेंबर हा दिव्यांग दिन आणि ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी भाषणस्पर्धेऐवजी प्रश्न १४ मधली पाहणी किंवा प्रश्न ७ मधली तुकडेजोड घ्या. संक्रांतीला तिळगूळ आधी अशा मुलाला द्यायचा ज्याच्याशी या महिन्यात बोलणं झालं नाही. नाव कोणी जाहीर करायचं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेनंतरचे चार-पाच दिवस मोकळे असतात. तेव्हा पुढच्या वर्गशिक्षकासाठी एका पानाची टीप लिहा: कोणाला कोणतं नाव आवडतं, कोणती जोडी एकमेकांना सांभाळते, कोणाला एकत्र बसवू नये, कोणाच्या घरी या वर्षी काय झालं आणि त्यातलं किती सांगायची परवानगी आहे. 'खोडकर', 'आळशी' असे शिक्के त्या पानावर नकोत. पान हातोहात द्या, कार्यालयातल्या फायलीत लावू नका.